दुधाच्या पिशवीचा कोपरा

दुधाची पिशवी ज्याने घडवली त्याने स्वतःच्या घरी कधी दूध तापवलं नसावं, असा माझा दाट संशय आहे. पिशवी मजबूत असते, त्याबद्दल तक्रार नाही. पण ती उघडायची कुठून? आमच्याकडे येते तिच्यावर ना खाच, ना ठिपक्यांची रेघ. कात्री शोधायची आपण, कोपरा धरायचा आपण, अंदाजही आपलाच. जरा कमी कापलं की चिळकांडी शेगडीवर, जास्त कापलं की धार पातेल्याबाहेर. कात्री सापडली नाही तर विळी, नाहीतर दात.

आणि मग तो कापलेला तुकडा. नखाएवढा त्रिकोण, दुधाने ओला, त्यामुळे पडेल तिथे चिकटतो. ओट्याला, कात्रीच्या पात्याला, सिंकच्या जाळीला. रिकामी पिशवी धुऊन, वाळवून रद्दीवाल्याला देता येते. तो ती वजनावर घेतो. तुकड्याला मात्र गिऱ्हाईक नाही. कचरा वेचणारी बाई पिशवी उचलेल, एवढुसं चिटोरं कशाला वेचत बसेल? प्लास्टिक तेच, पण एक भंगारात जातं आणि दुसरं गटारात.

२०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली तेव्हा दुधाच्या पिशवीला सवलत मिळाली, ती अटी घालून. जाडी किमान ५० मायक्रॉन हवी आणि रिकामी पिशवी परत केल्यास किमान ५० पैसे मिळतील, असं तिच्यावर छापायचं. मी आमच्या दूधवाल्याला विचारलं तर तो हसला. "ताई, पन्नास पैशांचं नाणं आता घेतं कोण?" कोपरा कापलेल्या पिशवीचे पूर्ण पैसे मिळणार का, हा माझा पुढचा प्रश्न तोंडातच राहिला.

अमेरिकेत शीतपेयाच्या डब्यांची अशीच रड होती. डबा उघडला की कडी सुटून हातात यायची, ती लोक समुद्रकिनाऱ्यावर टाकायचे आणि अनवाणी चालणाऱ्यांचे पाय कापायचे. १९७५ मध्ये डब्यालाच चिकटून राहणारी कडी आली आणि टाकायला काही उरलंच नाही. लोकांच्या सवयी होत्या तशाच राहिल्या, बदलला तो डबा. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून तीन लिटरपर्यंतच्या प्लास्टिक बाटल्यांची बुचं बाटलीला जोडलेलीच असावी लागतात. पिताना नाकाला लागतात म्हणून तिथे कुरकुर चालते. चालू दे.

आपल्याकडे पिशवी आहे तशीच आहे, सल्ला मात्र घरोघरी पोचलाय: कोपरा पूर्ण कापू नका, लोंबता ठेवा. सल्ला चांगलाच आहे, मी पाळतेही. फक्त धार त्या लोंबत्या तुकड्यावर आपटून पिशवीच्या अंगावरून ओघळते, तिथून मनगटावर आणि बाहीत. म्हणून हल्ली मी तो अंगठ्याने मागे दुमडून धरते. एका हातात लिबलिबीत पिशवी, दुसऱ्या हाताचा अंगठा तुकड्यावर, आणि नेमकी तेव्हाच दाराची बेल वाजते.