गोनोथेका नसेल, तर प्रजातीचा रकाना अडवतोच

हायड्रॉइडच्या (समुद्रात खडक-शैवालावर वसाहती करून राहणारे चिमुकले प्राणी) नोंदणीत सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते ‘प्रजाती’ या एका रकान्यानं. तो रिकामा ठेवला की फॉर्म पुढे सरकत नाही आणि प्रजननाचे भाग (त्यांची पिशवी म्हणजे गोनोथेका) नसलेल्या वसाहतीला प्रामाणिकपणे नाव देता येत नाही. तपासनीस म्हणणार, ‘जवळचं नाव टाका.’ मुळीच टाकू नका. कोणती प्रजाती कुठे सापडते ते दाखवणाऱ्या नकाशावर चुकीचा ठिपका एकदा बसला की पुढचे लोक त्याच्याच आधारानं आणखी ठिपके मांडतात.

ओबेलिया, गोनोथायरिया आणि लाओमेडिया या तीन वंशांचे पॉलिप (वसाहतीतले एकेक जीव) घंटेसारख्या कपात, देठावर वळ्या. वरवर पाहता सगळे सारखेच. खरा फरक गोनोथेकात. ओबेलियातून छोटे मेड्युसा (जेलीफिशसारखे जीव) सुटून पोहत जातात. गोनोथायरियात मेड्युसासारखे भाग गोनोथेकाच्या तोंडाशीच लटकून राहतात. लाओमेडियात सगळं आतच उरकतं आणि थेट प्लॅन्युला अळ्या बाहेर पडतात. कपाच्या काठाचे दाते उपयोगी खरे, पण ते झिजतात आणि दातेरी काठ सपाट भासतो. म्हणून टोकाकडचे कोवळे कप बघा, सूक्ष्मदर्शकाच्या कंडेन्सरचा (प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाचा) पडदा बराच बंद करून. झगझगीत प्रकाशात पारदर्शक काठ दिसतच नाही. ओबेलिया जेनिक्युलाटा मात्र गोनोथेकाशिवायही ओळखू येते: नागमोडी खोड आणि प्रत्येक कपाच्या देठाखाली एका बाजूनं जाड झालेलं कवच. बाकीच्यांसाठी प्रजननाच्या हंगामात त्याच जागी पुन्हा जावं लागतं. तोवर नोंद फक्त कुळापुरतीच आणि शेऱ्यात ‘गोनोथेका नाहीत’. फॉर्म अडला तर कुळाच्या पातळीवरची नोंद स्वीकारा, असं लेखी मागा. मी तेच केलं, शेवटी चाललं.

नमुना बाटलीत टाकण्याआधी गुंगवायचा, नाहीतर पॉलिप आक्रसतात. लिटरभर गोड्या पाण्यात 75 ग्रॅम स्फटिकी मॅग्नेशियम क्लोराइड विरघळवा आणि तेवढंच समुद्राचं पाणी मिसळा. सुईनं डिवचल्यावर शुंडक हलेनासे झाले की एक भाग फॉर्मॅलिन, नऊ भाग समुद्राचं पाणी. डीएनएसाठीचा तुकडा मात्र आधीच वेगळा काढून 95 टक्के इथेनॉलमध्ये. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहून बाटलीच्या आत.

अक्षांश-रेखांश दशांशात भरताना जपा: 45 अंश 30.5 मिनिटं म्हणजे 45.508; अक्षांशात 45.305 लिहिलंत तर ठिपका सुमारे 23 किलोमीटर सरकतो. खोली आणि आधार (खडक, शैवाल, शिंपला, जहाजाचा तळ) हवाच. वाहून आलेल्या शैवालावरची वसाहत असेल तर तसं स्पष्ट लिहा. ती त्या किनाऱ्यावरची रहिवासी धरता येत नाही.