मॅक्लारेन व्हेलची फिकट लाल ग्रेनाश : सोलापूरहून जाणाऱ्यांसाठी

दक्षिण ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड शहराच्या दक्षिणेला सुमारे ४० किलोमीटरवर मॅक्लारेन व्हेल हा द्राक्षांचा पट्टा आहे. त्याच्या पश्चिमेला सेंट व्हिन्सेंटचे आखात आणि पूर्वेला माउंट लॉफ्टीची डोंगररांग आहे. तेथील शिराझ ही गडद लाल वाइन जुनीच प्रसिद्ध असली, तरी आम्ही गेलो ते ग्रेनाश या मूळच्या स्पॅनिश काळ्या द्राक्षापासून हल्ली होऊ लागलेल्या हलक्या लाल वाइनसाठी. लाल वाइन म्हटली की ती गडद आणि तोंड आवळणारी तुरटच असावी, ही आपल्याकडची समजूत या वाइनपुढे टिकत नाही, असे माझे मत या प्रवासात झाले.

आमच्याबरोबर नान्नजचे एक बागाईतदार स्नेही होते. ब्लेविट स्प्रिंग्ज या वाळूच्या जमिनीच्या भागातील जुनी बाग पाहून त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘मंडप नाही, तारा नाहीत, ठिबकही नाही, मग माल कसा धरतो?’ ग्रेनाशचा वेल खोडाने जाड आणि फांद्यांनी ताठ असल्यामुळे आधाराशिवाय झुडपासारखा उभा राहतो. तेथील पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो, आणि जुन्या वेलींची मुळे खोल गेलेली असल्याने त्या पुढचा कोरडा उन्हाळा पाण्यावाचून काढतात. माल अर्थातच थोडा येतो. यांगारा या वाइनरीच्या ‘हाय सँड्स’ बागेतील वेली १९४६ साली लावलेल्या आहेत. आपल्याकडे डॉगरिज या काटक जंगली द्राक्षजातीच्या खुंटावर कलम केल्याशिवाय बाग उभी करण्याचा विचार सहसा कोणी करत नाही; तेथे मात्र मुळांतला रस शोषून वेल मारणारी फायलोक्सेरा ही कीड दक्षिण ऑस्ट्रेलियात शिरलेली नसल्याने जुने वेल स्वतःच्याच मुळांवर उभे आहेत. १९८० च्या दशकात सरकारने अनुदान देऊन अशा कितीतरी बागा उपटवल्या, कारण त्या काळी ग्रेनाश ही गोड, वरून मद्यार्क घालून कडक केलेल्या (फोर्टिफाइड) वाइनमध्ये घालायची स्वस्त जात समजली जाई. जे वेल त्यातून वाचले, त्यांच्याच फळाला आज चढा भाव मिळतो.

हलकेपणा कोठून येतो, हे चाखताना नीट विचारून घेतले. ग्रेनाशची साल पातळ आणि तिच्यात रंग मुळातच कमी असतो. त्यात वाळूच्या जमिनीवरील फळाची वाइन अधिक सुगंधी आणि मऊ तुरटपणाची होते, तर दुपारनंतर आखातावरून येणाऱ्या वाऱ्याने तापमान उतरल्यामुळे फळातील आंबटपणा टिकतो. बाकीचे काम माणसाच्या हातात असते. तोडणी थोडी आधी करायची, काही घड देठांसकट आंबवायचे, सालीतून रंग आणि तुरटपणा ओढून काढण्याची घाई करायची नाही, आणि नव्या ओकच्या पिंपांऐवजी जुनी पिंपे किंवा सिरॅमिकची अंडाकृती भांडी वापरायची. अशी वाइन पेल्यात धरली तर पलीकडची बोटे दिसतात. तिला रासबेरीचा आणि संत्र्याच्या सालीचा वास येतो, चव डाळिंबाच्या दाण्यासारखी आंबटगोड लागते आणि शेवटी पांढऱ्या मिरीचा किंचित चरका जाणवतो. गडद शिराझच्या दोन घोटांनंतर जीभ थकते, तशी येथे थकली नाही.

मात्र रंगावरून अल्कोहोलचा अंदाज बांधू नये. ग्रेनाशमध्ये साखर भरपूर साठते, त्यामुळे फिकट दिसणाऱ्या बाटलीतही १४ टक्के अल्कोहोल सहज असते. गाडी चालवणाऱ्यासाठी रक्तातील मर्यादा ०.०५ टक्के आहे आणि पोलीस रस्त्यावर कोणालाही थांबवून तपासणी करतात. म्हणून एकाने पूर्ण दिवस न पिता गाडी चालवावी किंवा अ‍ॅडलेडहून निघणारी सहल घ्यावी. सीफर्डपर्यंत लोकल रेल्वे आणि पुढे बस असा स्वस्त मार्गही आहे, पण वाइनऱ्या एकमेकींपासून लांब असल्याने त्यात वेळ फार जातो. चाखून थुंकण्यासाठी भांडे ठेवलेले असते. ते वापरण्यात संकोच बाळगू नये.

सोलापूरहून रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई आणि तेथून सिंगापूरला विमान बदलून अ‍ॅडलेड, हा मार्ग आम्हाला सोयीचा वाटला. पर्यटक व्हिसाचा अर्ज ऑनलाइन करता येतो. ग्रेनाश उशिरा पिकते, त्यामुळे तोडणी पाहायची असेल तर मार्च किंवा एप्रिलचा आरंभ योग्य. परंतु मार्चमध्ये अ‍ॅडलेडला कलामहोत्सव असल्याने खोल्या महागतात, तेव्हा मुक्काम लवकर ठरवावा. शेंगाचटणी आणि कडक भाकरी नेणार असाल तर विमानतळावरील अर्जात खाद्यपदार्थांची नोंद अवश्य करावी. स्वतःची बाग असलेल्यांनी शेतातले बूट घरीच ठेवावेत आणि तेथेही परवानगीशिवाय ओळींमध्ये पाऊल टाकू नये, कारण मातीतून कीड येण्याची भीती ते लोक अतिशय गांभीर्याने घेतात.

चाखण्याचे शुल्क बऱ्याच ठिकाणी लागते आणि खरेदी केल्यास ते अनेकदा वळते होते. लहान वाइनऱ्यांत आधी वेळ ठरवूनच जावे. दारेनबर्ग या वाइनरीची ‘क्यूब’ ही पाच मजली इमारत पाहण्यासारखी आहेच, पण मला तेथे पायांनी द्राक्षे तुडवण्याची अजून टिकवलेली रीत अधिक महत्त्वाची वाटली. शनिवार असेल तर सकाळी विलुंगाच्या शेतकरी बाजारातून पाव, चीज आणि ऑलिव्ह घेऊन दुपारी पोर्ट विलुंगाच्या किनाऱ्यावर जावे.

परतताना भारतात प्रत्येकी दोन लिटरपर्यंत मद्य शुल्कमुक्त आणता येते, म्हणजे नेहमीच्या ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या. त्या कपड्यांत गुंडाळून मोठ्या सामानात द्याव्यात. पिताना ही वाइन १४ ते १६ अंशांवर असावी, म्हणून आधी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवावी. एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हाळ्यात बाटली कपाटात किंवा माळ्यावर ठेवल्यास वाइन काही आठवड्यांतच खराब होते. तोवर तिला फ्रिजच्या खालच्या कप्प्यातच जागा द्यावी.