बटणं तीच होती, मग पुन्हा का जमलं नाही?

प्रश्न ठरलेला. सिंथपॉपचा, म्हणजे सिंथेसायझरवर रचलेल्या पॉप संगीताचा, विषय निघाला, त्यात इंग्लंडमधल्या शेफील्डच्या ह्यूमन लीग या बँडचं नाव आलं, की कुणीतरी विचारतंच: "सगळं यंत्रंच वाजवत होती ना? मग 'डेअर'सारखी दुसरी रेकॉर्ड का नाही निघाली? तीच बटणं परत दाबायची!" विचारणाऱ्यांना बाकीचा इतिहास तोंडपाठ असतो. १९८०ची फूट, गायक फिलिप ऑकीनं नाइट क्लबात हेरलेल्या दोन शाळकरी मुली, १९८१च्या नाताळात ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर बसलेलं 'डोन्ट यू वॉन्ट मी' हे गाणं. ते सोडून देऊ. बटणांचं मात्र एकदा नीट सांगायलाच हवं. यंत्र होतं म्हणजे कष्ट नव्हते असं या प्रश्नात गृहीत धरलेलं असतं, आणि ते ऐकून ऐकून आता खरोखर वीट आला आहे.

'डेअर' या १९८१च्या अल्बममध्ये गिटार नाही, ड्रमचा संच नाही. माणसाचा म्हणावा असा आवाज फक्त गाणाऱ्यांचा. बाकी सगळं निर्माता मार्टिन रशंट यानं बर्कशरमधल्या स्ट्रीटली इथल्या आपल्या 'जेनेटिक' स्टुडिओत बँडबरोबर बसून उभं केलं. हाताशी होता रोलंडचा एमसी-८ मायक्रोकंपोझर, म्हणजे आकड्यांत भरलेली चाल सिंथेसायझरकडून वाजवून घेणारं यंत्र, रोलंडचाच सिस्टिम ७०० हा कपाटाएवढा मॉड्युलर, म्हणजे सुटे भाग तारांनी जोडून वापरायचा सिंथेसायझर, ज्युपिटर-४ हा आणखी एक सिंथेसायझर, आणि लिन एलएम-१ हे ड्रम मशीन.

एमसी-८ १९७७ साली आला. त्याला पियानोसारखी पट्टी नाही, कॅल्क्युलेटरला असतात तशा आकड्यांच्या कळा आहेत. प्रत्येक स्वरासाठी तीन आकडे द्यायचे. पहिला, स्वर कोणता: सगळ्यात खालचा शून्य, मग अर्ध्या अर्ध्या स्वराला एकेक वाढवत जायचं, सप्तक पुरं झालं की १२. दुसरा, पुढचा स्वर किती वेळानं येणार. तिसरा, त्या वेळातला किती भाग हा स्वर वाजता राहणार. समजा एका मात्रेचे ४८ भाग केले. पाव मात्रेचा स्वर म्हणजे १२. तो तुटक हवा असेल तर तिसरा आकडा ६, सलग हवा असेल तर ११. चार मात्रांच्या एका बारमध्ये पाव मात्रेचे १६ स्वर बसतात, प्रत्येकी तीन आकडे, म्हणजे ४८. बेसची आठ बारची ओळ ३८४ आकड्यांची झाली. आणि हा एकच आवाज झाला.

आता यात एक आकडा चुकू द्या. एका स्वराचं अंतर १२ऐवजी ११ पडलं, तर बार १९२ भागांऐवजी १९१ भागांत संपतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक भाग म्हणजे सेकंदाचा साधारण शंभरावा हिस्सा. पहिल्या फेरीला कुणाला काही कळत नाही. चौथ्या फेरीपर्यंत बेस ड्रमच्या पुढे सरकलेला असतो आणि गाणं पळतंय असं वाटायला लागतं. बाराव्या फेरीला तो अख्खी पाव मात्रा पुढे गेलेला असतो. चूक ऐकू येते तिथे नसतेच, ती मागे पहिल्या बारमध्ये असते, आणि सापडते ती आकड्यांची बेरीज करून. तबलजी हुकला तर समेवर येऊन मिळतो. हे यंत्र तसं कधीच येऊन मिळत नाही, चुकीचा आकडा ते इमानेइतबारे शेवटपर्यंत पाळतं.

बरं, मायक्रोकंपोझर देतो ते फक्त व्होल्टेज. स्वर काढायचं काम सिंथेसायझरच्या ऑसिलेटरचं. एका सप्तकाला एक व्होल्ट, म्हणजे अर्ध्या स्वराला सुमारे ८३ मिलिव्होल्ट. ऑसिलेटर तापला, खोली गार पडली, चारपाच मिलिव्होल्ट इकडेतिकडे झाले, की कानाला खुपायला लागतं. म्हणून यंत्र आधी चालू करून तापू द्यायचं, सुरात लावायचं, टेक घ्यायचा, पुन्हा सूर तपासायचा. त्यात असल्या मॉड्युलरवर लावलेला आवाज एकेरी. तीन स्वरांची कॉर्ड हवी तर तीन आवाज वेगवेगळे लावा, नाहीतर टेपवर तीनदा भरा. तिन्ही वेळा सूर तंतोतंत तोच राहिला तर ठीक.

टेपशी यंत्र जुळवण्यासाठी एका ट्रॅकवर, म्हणजे टेपवरच्या समांतर पट्ट्यांपैकी एकीवर, ठोक्यांचा संकेत भरून ठेवायचा. तो ट्रॅक शक्यतो कडेचा घ्यायचा आणि शेजारचा रिकामा ठेवायचा, नाहीतर संकेताची किरकिर शेजारच्या ट्रॅकमध्ये झिरपते. आणि या जातीच्या संकेताला गाण्यातली जागा कळत नाही, तो फक्त ठोके मोजतो. शेवटच्या कडव्यातला एक स्वर बदलायचा असला तरी टेप पहिल्यापासून लावावी लागते. टेपवर कुठे डाग पडून दोन ठोके गळाले, की तिथून पुढचं सगळं सरकतं.

एलएम-१ त्या मानानं सोपा. खऱ्या ड्रमचे नमुने चिपमध्ये साठवलेलं हे पहिलं मशीन. पण स्मृती तोकडी, आणि झांजेचा झणकार काही सेकंद रेंगाळतो. म्हणून त्यात हाय-हॅट ही मिटणारी छोटी झांजजोडी आहे, मोठी झांज नाही. झांज वाजून कडवं उघडतं ही पॉपमधली नेहमीची खूण या मशीनवर मिळतच नाही. मग कडवं उघडल्याचं दुसऱ्या कशानं तरी कळवावं लागतं: एखादा सिंथ वरच्या सप्तकात नेऊन, किंवा आधीच्या बारमध्ये बेस काढून घेऊन. 'डेअर' इतकं मोकळंढाकळं, हवेशीर वाटतं त्यामागे या उणिवेचाही वाटा आहे, असं माझं मत आहे.

१९८२ मध्ये रशंटनं त्याच गाण्यांची नव्यानं जुळणी करून 'लव्ह अँड डान्सिंग' हा अल्बम केला, त्यातले अडखळणारे, तुटत जाणारे आवाज टेप ब्लेडनं कापून जोडलेले आहेत. हिशेब करून बघा. सेकंदाला ३० इंच धावणाऱ्या टेपवर, १२० च्या लयीत, पाव मात्रा म्हणजे पावणेचार इंच. एक शब्द आठ वेळा अडखळायला हवा असेल तर त्याच्या आठ प्रती टेपवर उतरवायच्या, प्रत्येकीचे पावणेचार इंच कापायचे, तिरक्या खाचेत धरून चिकटपट्टीनं सांधायचे. एक तुकडा पाव इंचानं आखूड झाला तर ठोका लंगडतो.

हे सगळं माणसं करत होती. १९८२ साली ब्रिटनच्या संगीतकार संघटनेच्या मध्य लंडन शाखेनं सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर बंदी घालण्याचा ठराव केला, तेव्हा वादकांच्या पोटाची भीती खरी होती, ती मी हसण्यावारी नेणार नाही. त्याच वर्षी मुंबईत चरणजित सिंग रोलंडच्याच यंत्रांवर राग वाजवून रेकॉर्ड करत होते, तीही एका कसलेल्या स्टुडिओ वादकाचीच मेहनत होती. यंत्र वादकाची जागा घेतं की वादकाकडून वेगळं काम मागतं, या वादात मी दुसऱ्या बाजूला आहे.

मग पडझड कशानं झाली? पूर्वी मी एका वाक्यात उत्तर देत असे: रशंट गेला आणि सगळं संपलं. त्याला आधार आहे. १९८२चं 'मिरर मॅन' आणि १९८३चं 'फॅसिनेशन' ही दोन्ही गाणी ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली, दोन्ही त्याच्या हातची. पुढच्या अल्बमचं काम सुरू असताना त्याचं आणि बँडचं बिनसलं आणि तो बाहेर पडला. त्याच्या जागी निर्माते म्हणून आधी क्रिस थॉमस आले, मग ह्यू पॅडगम. 'हिस्टेरिया' हा तो अल्बम यायला मे १९८४ उजाडला, म्हणजे 'डेअर'नंतर अडीच वर्षं. तेवढ्यात जग पुढे गेलं. १९८३ मध्ये मिडी ही वाद्ययंत्रं एकमेकांना जोडणारी सामाईक पद्धत आली, यामाहाचा डीएक्स-७ सिंथेसायझर आला. पट्टीवर वाजवा, यंत्र लक्षात ठेवील, सूर उतरणार नाही. १९८१ साली जो आवाज मिळवायला आकड्यांच्या रांगा आणि अफाट चिकाटी लागायची, तो आता दुकानात मिळायला लागला. आणि ह्यूमन लीगनं 'द लेबनॉन' हे गाणं काढलं ते गिटार पुढे ठेवून.

पण रशंटच्या नावावर सगळं घालताना एक गोष्ट मी बाजूला ठेवत असे. 'डेअर'ची गाणी लिहिली कुणी? यंत्रांत मुरलेले मार्टिन वेअर आणि इयन क्रेग मार्श तर १९८० मध्येच बाहेर पडले होते, त्यांनी हेवन १७ हा वेगळा बँड काढला. 'डोन्ट यू वॉन्ट मी'च्या लेखकांत ऑकी आणि एड्रियन राइट यांच्याबरोबर जो कॅलिस आहे, आणि कॅलिस हा रेझिलोज या पंक बँडचा गिटारवाला. म्हणजे सिंथपॉपमधलं सगळ्यात गाजलेलं गाणं घडवण्यात गिटारवाल्याचा हात आहे. 'हिस्टेरिया'नंतर कॅलिसही गेला. ऑकीला ते गाणं स्वतःला आवडत नव्हतं, अल्बममध्ये त्यानं ते सगळ्यात शेवटी टाकलं, सिंगल म्हणून काढायलाही त्याचा विरोध होता. आपल्याकडे चांगलं काय आहे हे बँडला कळत होतं का, हा प्रश्न मग टाळता येत नाही. त्याचं उत्तर 'हो' असं मी छातीठोकपणे देऊ शकत नाही.

आणि मग १९८६. या बँडवर प्रेम करणाऱ्या कुणालाही हा भाग बोलायला आवडत नाही, म्हणून तो बहुतेक वेळा 'नंतर अमेरिकेत पुन्हा यश मिळालं' एवढ्यावर उरकला जातो. ते यश कसं मिळालं ते बघा. बँड मिनिआपोलिसला गेला, जिमी जॅम आणि टेरी लुइस या निर्मात्यांच्या फ्लाइट टाइम स्टुडिओत. हे दोघे मिनिआपोलिसच्याच प्रिन्स या गायकानं उभ्या केलेल्या द टाइम या बँडमधून आलेले, आणि प्रिन्सच्या त्या काळातल्या कामात एलएम-१ ठायी ठायी आहे. जे मशीन 'डेअर'चा कणा होतं, ते या शहराच्या हाडीमांसी मुरलेलं. जॅनेट जॅक्सनचा 'कंट्रोल' त्यांनी नुकताच पुरा केला होता. त्यांची कामाची रीत पक्की होती: गाणी बरीचशी आपली, वाद्यं आपण वाजवणार, पार्श्वगायनाला आपले गायक. ह्यूमन लीगनं सोबत नेलेल्या साहित्यातलं बरंच त्यांनी बाजूला काढलं. राइट आणि इयन बर्डन हे लिहिणारे-वाजवणारे सदस्य स्टुडिओत असून नसल्यासारखे झाले. शेवटी बँड घरी परतला आणि 'क्रॅश' हा अल्बम निर्मात्यांनी पुरा केला.

त्यातलं 'ह्यूमन' संपूर्ण जॅम आणि लुइस यांनी लिहिलेलं. नोव्हेंबर १९८६ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. मला ते गाणं आवडतं, ऑकीनं ते जीव ओतून गायलंय. पण त्यात ह्यूमन लीगचा गळा सोडला तर त्यांचं म्हणावं असं काय आहे? बँडचा अमेरिकेतला दुसरा कळस आणि बँड म्हणून झालेला शेवट एकाच गाण्यात आहे. बर्डन आणि राइट त्यानंतर निघून गेले. उरले ऑकी आणि नाइट क्लबात हेरलेल्या त्या दोन मुली, जोअ‍ॅन कॅथरॉल आणि सुझन अ‍ॅन सली, तेच तिघं आजवर ते नाव चालवतात. त्या दोघींना 'नाचायला घेतलेल्या मुली' म्हणून हिणवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: वाद्यं वाजवणारे सगळे गेले, त्या राहिल्या.

म्हणून हल्ली मी म्हणतो की चिकाटी करणारा गेला, चाल रचणारा गेला, आणि दुर्मीळ होतं ते स्वस्त झालं. तिन्ही मिळून घात झाला. पण यालाही छेद देणारा पुरावा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. १९९०च्या 'रोमँटिक?' या अल्बमसाठी रशंट काही गाण्यांपुरता परत आला. त्यातलं 'हार्ट लाइक अ व्हील' रशंटनं केलेलं आणि लिहिणाऱ्यांत कॅलिस. म्हणजे माझ्या हिशेबात हरवलेले दोघंही हजर. गाणं ब्रिटनमध्ये २९व्या क्रमांकावर अडलं, अल्बम २४व्या, आणि व्हर्जिन या रेकॉर्ड कंपनीनं बँडला सोडून दिलं. उलट १९९५ मध्ये 'टेल मी व्हेन' सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं, त्यात रशंटही नव्हता आणि कॅलिसही नव्हता. निर्माता होता टिअर्स फॉर फिअर्समध्ये पूर्वी कीबोर्ड वाजवणारा इयन स्टॅनली, गाणं लिहिलेलं ऑकी आणि पॉल बेकेट यांनी. ते इतकं वर कसं गेलं, हे माझ्या तिन्ही कारणांपैकी एकातही बसत नाही.