साइड बी, चौथं गाणं

"काका, डेक नुसता दिसायला पाहिजे. चालला नाही तरी चालतंय," असं त्या पोरीनं फोनवर सांगितलं होतं. इथल्याच एका कॉलेजची मुलं शॉर्ट फिल्म करत होती. गोष्ट १९८९च्या जानेवारीतली. बेळगावातल्या एका कॉलेजचं गॅदरिंग, बारावीच्या पोरापोरींचा ग्रुप डान्स आणि आदल्या दिवशी रुसून बसलेला त्यांचा मुख्य नाचणारा. त्यांना डबल कॅसेट डेक, अ‍ॅम्प्लिफायर आणि एक कर्णा भाड्यानं हवा होता.

माझं खडे बाजारात रेकॉर्डिंग सेंटर होतं. गाळा अजून आहे, आता तिथं मोबाइलची कव्हरं विकतो आणि कोणी आणल्या तर जुन्या कॅसेटी पेन ड्राइव्हवर उतरवून देतो. तेव्हा गिऱ्हाईक साठची नाहीतर नव्वदची कोरी कॅसेट आणि कागदावर गाण्यांची यादी देऊन जायचं, दोन दिवसांनी भरलेली घेऊन जायचं. कायद्यात ते बसत नव्हतं, पण गल्लोगल्ली चालायचं. त्या याद्या मी वहीत उतरवून घेत होतो. बायको दर दिवाळीला त्या वह्या रद्दीत काढते, मी परत आत ठेवतो.

शूटिंग टिळकवाडीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. मी डेक टेबलावर मांडला, वायरी जोडल्या. नुसतं दिसायला असलं तरी वायर न जोडता डेक ठेवायला माझा हात वळत नाही. पोरांनी बेलबॉटम घातल्या होत्या. ८९ साली कोण बेलबॉटम घालून आला असता तर त्याला गेटातच गाठला असता, पण कपडे आपलं खातं नव्हे म्हणून गप्प बसलो. मग कोणीतरी ब्लूटूथ स्पीकरवर गाणं लावलं आणि मला गप्प बसवेना.

गाणं होतं 'तम्मा तम्मा'. पहिली गोष्ट, तो सिनेमा, 'थानेदार', १९९०चा. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. ते लावत होते ते मूळ गाणंच नव्हतं, २०१७ला नवीन करून आलेलं होतं. त्याचा खालचा ठेका छातीत बसतो. आमच्या वेळच्या कर्ण्यातनं तसला खर्ज बाहेरच पडत नव्हता. कर्णा गाण्याचा वरचा भाग तेवढा फेकतो, बाकीचं ऐकणाऱ्यानं मनात भरून घ्यायचं.

त्या पोरीला बाजूला घेऊन सांगितलं. दिग्दर्शिका तीच. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "काका, 'डर्टी डान्सिंग' बघितलाय? गोष्ट १९६३ची आणि शेवटचा नाच ज्या गाण्यावर आहे ते १९८७चं. त्याला ऑस्कर मिळालं. कुणीच विचारलं नाही, ६३ साली हे गाणं कुठनं आलं."

बोलणं खरं होतं. तो सिनेमा मी व्हीसीआरवर बघितलाय. दहा मिनिटं मी उत्तर शोधत डेकचं हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसत बसलो. मग सुचलं. "अगं, तो सिनेमा सुरू कशावर होतो? रॉनेट्सच्या 'बी माय बेबी'वर. ते ६३चंच. मध्ये किती गाणी त्याच काळातली वाजतात. बघणाऱ्याच्या कानात ६३ साल पक्कं बसवलं, मग शेवटी ८७ काढलं. आधी खात्यात पैसे भरले, मग चेक फाडला. तुम्ही पहिल्याच दिवशी चेक फाडताय."

ती हसली. "मग आमच्या खात्यात काय भरू?"

मला वाटलं होतं ती म्हणेल, त्या वर्षीचं हिट सांगा. ते कोणीही सांगेल. नोव्हेंबर ८८ला 'तेजाब' आला होता, त्या सीझनला 'एक दो तीन' मी किती कॅसेटांवर भरलं त्याला गणती नाही. सरोज खान यांना त्याच नाचासाठी फिल्मफेअरचं कोरिओग्राफीचं पहिलं पारितोषिक मिळालं. पण गॅदरिंगच्या तालमीला पोरं नुसतं त्या महिन्याचं गाणं लावत नसत. हाताला लागेल ते लागायचं. नाझिया हसनचं 'डिस्को दीवाने' तेव्हा सात-आठ वर्षांचं जुनं झालेलं, तरी यादीत असायचंच. (ते ज्यानं केलं तो बिद्दू मूळचा बेंगळूरचा, हे मला फार उशिरा कळलं.) कॅसेट झिजेपर्यंत गाणं जुनं होत नव्हतं.

सोबत डिसेंबर ८८ची वही आणली होती. शहापूरच्या एका पोराची यादी काढून दाखवली. साइड ए : 'कयामत से कयामत तक'ची तीन, 'अशी ही बनवाबनवी'चं एक, 'डिस्को डान्सर'चं एक. साइड बी : दोन 'तेजाब', एक नाझिया आणि चौथं, माझ्याच अक्षरात, 'प्रेमलोक – नोडम्मा हुडुगी'.

"हे काय?" कॅमेऱ्यावरच्या पोरानं विचारलं.

'प्रेमलोक' त्यांना माहीत नव्हता असं नाही, आईबापांकडनं नाव ऐकलं होतं. रविचंद्रनचा १९८७चा सिनेमा, हंसलेखांचं संगीत, सगळी गोष्ट कॉलेजमधली आणि जवळजवळ गाण्यांतनंच सांगितलेली. जुही चावला 'कयामत'च्या आधी इथल्या पोरांना त्यातच भेटली होती. कॉलेजची पोरं नाचतात असा सिनेमा आम्हाला पहिल्यांदा कन्नडमधनं मिळाला. शब्द अर्धे कळायचे, ठेका पुरा कळायचा.

कॅमेरावाला घाबरला. "मराठी फिल्ममध्ये कन्नड गाणं? दोन्हीकडनं शिव्या पडतील ओ काका."

"पडतील की," मी म्हणालो. "पण यादी देणारा सीमाप्रश्नाच्या मोर्च्यातही पुढं असायचा. तो घरी साइड बी ऐकत नव्हता काय?"

पोरीनं वहीच्या पानाचा फोटो काढला. म्हणाली, शेवटचा नाच 'एक दो तीन'वर नव्याने बसवू, त्याला वेळ आहे. आज तालमीचा सीन आहे, तो या कॅसेटवर करू. त्याच यादीची एक कॉपी मी स्वतःसाठी ठेवली होती, ती पिशवीत होती. डेक चालतो काय, तिनं विचारलं. मी प्ले दाबला.

सुरुवातीलाच एक मुलगी म्हणाली, "हे फास्ट का वाटतंय?" कान चांगला होता. ज्या डेकवर मी ती भरली त्याचा वेग जरा कमी असणार. हळू भरलेली कॅसेट बरोबर वेगाच्या डेकवर लावली की जलद पळते आणि सूरही चढतो. सहा टक्के फरक पडला की पेटीवर काळी दोनचं गाणं पांढरी तीनला जातं. पोरं मोबाइलवरनं बरोबर वेगाचं काढू म्हणाली. दिग्दर्शिका नको म्हणाली. "त्या पोरांनी हेच ऐकलं होतं ना?"

दोन टेक झाले. तिसऱ्याला, साइड बीच्या चौथ्या गाण्याच्या मध्यावर, डेकनं टेप खाल्ली. आवाज आधी जड झाला, मग भोंगा फुटल्यासारखा खाली गेला आणि बंद. पोरं थांबली. मी उठायला गेलो तर तिनं हातानंच मला बसवलं. मागच्या रांगेतल्या दोघी थांबल्याच नव्हत्या. त्यांनी टाळ्यांवर मोजणी धरली, फाइव्ह सिक्स सेव्हन एट, आणि बाकीची एकेक करून परत आत शिरली. कॅमेरा चालू होता. पुढे अर्धा-पाऊण मिनिट नुसत्या टाळ्या आणि फरशीवर पायांचा आवाज. खऱ्या गॅदरिंगांत हे मी किती वेळा बघितलंय. टेप अडकायची, मी घामाघूम होऊन डेकचं दार उघडायचो आणि स्टेजवरची पोरं वेड्यासारखी नाचत राहायची, कारण समोर अख्खं कॉलेज बसलेलं असायचं.

मी दार उघडून टेप हळूहळू सोडवली, पेन्सिल घालून गुंडाळली. चुरगळलेला तुकडा कापून चिकटपट्टीनं जोडावा लागला.

"काका, तो तुकडा मला ठेवू?" तिनं विचारलं. दिला. बोटभर लांब, तपकिरी, सुरकुतलेला. कॅसेटचा वेग सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर, म्हणजे तिच्या मुठीत सव्वा-दीड सेकंदाचं गाणं होतं.

भाड्याचे पैसे त्यांनी आठ दिवसांनी दिले. बेलबॉटमचं मी शेवटी सांगून टाकलं.