आमची वाटचाल : मेझपासून मागे मागे

वनस्पतींच्या अर्काने चिंता कमी होते का, हे उंदरांवर तपासून देणे हे आमच्या छोट्या प्रयोगशाळेचे काम. सुरुवात एकाच उपकरणाने झाली, एलिव्हेटेड प्लस मेझने. जमिनीपासून सुमारे ४० सेंमी उंचावर अधिकच्या चिन्हासारखे चार फाटे असतात, प्रत्येक ३० सेंमी लांब आणि ५ सेंमी रुंद. समोरासमोरचे दोन उघडे, उरलेल्या दोघांना १५ सेंमीच्या भिंती. उंदीर मधल्या चौकात सोडायचा आणि ५ मिनिटे पाहायचे. चिंता कमी, तर उघड्या फाट्यांवर वेळ जास्त. भेदरलेला उंदीर भिंतीआडून डोकावतो, मागचे पाय आतच ठेवून अंग लांबवतो, हुंगतो आणि मागे सरतो. चारही पाय पडले तरच प्रवेश धरायचा. मधल्या चौकातला वेळ सोडून, उघड्यात ६० सेकंद, बंद फाट्यांत १८० सेकंद, तर उघड्याचा वाटा २५ टक्के.

नुसत्या या टक्क्यावर निकाल दिला तर फसगत ठरलेली. डोस जास्त झाला की उंदीर गुंगीत असतो. तो उघड्या फाट्यावरच पसरून बसला की वेळ वाढतो आणि अर्क गुणकारी वाटतो. म्हणून बंद फाट्यांतले प्रवेशही मोजू लागलो. ते घटले असतील तर संशय घ्यायचा. जोडीला ओपन फील्ड (मोकळ्या पेटीतली हालचाल) आणि रोटारॉड (फिरत्या दांड्यावरचा तोल) या चाचण्या आल्या.

एकदा मेझ पाहिलेला उंदीर पुन्हा चढवायचा नाही. दुसऱ्या वेळी डायझेपाम या चिंता उतरवणाऱ्या नेहमीच्या औषधाचाही परिणाम बराचसा दिसेनासा होतो. खर्च वाचवायला ग्राहक हाच आग्रह धरतात. आमचे उत्तर नकारच असते. शेपटीने उचलणेही बंद केले, कारण त्यानेच उंदराची चिंता वाढते. आता तो नळीत शिरतो आणि नळीसकट उचलला जातो.

सर्वाधिक चुका मात्र मेझच्या आधीच होतात, अर्काच्या बाटलीत. अल्कोहोलने काढलेला अर्क नीट सुकवला नाही तर उरलेले अल्कोहोल स्वतःच चिंता उतरवते, आणि श्रेय झाडाला जाते. त्यामुळे द्रावकाचा अवशेष आणि मुख्य घटकाचे प्रमाण आधी तपासतो. कॅमोमाइल असेल तर एपिजेनिन. हे न मोजता आलेल्या दोन खेपा म्हणजे, आमच्या लेखी, दोन वेगळी औषधे. लव्हेंडरच्या तेलाची अडचण निराळी. वास नियंत्रण गटाच्या पिंजऱ्यापर्यंत गेला की तुलनाच मोडते, म्हणून खोल्या वेगळ्या.

न विरघळणारी भुकटी ०.५ टक्के सीएमसी (पाणी दाट करणारा कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज) घातलेल्या पाण्यात खलतो. २०० मिग्रॅ प्रति किलो डोससाठी २५ ग्रॅमच्या उंदराला ५ मिग्रॅ लागतात. १० मिली प्रति किलो या मापाने ते ०.२५ मिलीत बसवायचे, म्हणजे २० मिग्रॅ प्रति मिली. भुकटी तळाशी बसते. पहिल्या उंदराला पातळ आणि शेवटच्याला घट्ट डोस जाऊ नये म्हणून प्रत्येक सिरिंज भरण्याआधी बाटली हलवायची. कण जाड राहिले तर गॅव्हाजची, म्हणजे तोंडावाटे थेट पोटात औषध सोडण्याची, सुई तुंबते. पुन्हा खलणे हाच उपाय, जोर लावणे नव्हे.

अर्क चाचणीच्या ६० मिनिटे आधी तोंडाने, तुलनेचे डायझेपाम १ मिग्रॅ प्रति किलो ३० मिनिटे आधी पोटात टोचून. टोचण्याचाही ताण असतो. तो सर्व गटांना सारखा पडावा म्हणून प्रत्येक उंदराला दोन्ही दिले जाते, जिथे औषध नाही तिथे नुसते वाहक द्रव्य. मोजणाऱ्याला गट कळू देत नाही. डायझेपामच्या गटात फरक दिसला नाही तर त्या दिवसाचे सगळे आकडे बाद.

अलीकडे फ्लुमाझेनिलची जोड दिली आहे. डायझेपाम ज्या गटातले, त्या बेंझोडायझेपिन औषधांचा परिणाम ते रोखते. त्याने अर्काचा परिणाम पुसला गेला तर मेंदूत बेंझोडायझेपिनच्याच जागेवर काम होत असावे. पुसला गेला नाही तर दुसरा मार्ग शोधायचा. आता अहवालात पहिले पान अर्काच्या तपासणीचे असते, मेझचे आकडे मागाहून येतात.