आधी दरी, मग लेणी: वाघूरच्या काठानं एक दिवस

सिल्लोडचे मामा म्हणाले, "ह्या वेळी बसनं जायचं नाही. आधी वरून दरी बघायची, मंग चालत खाली उतरायचं." शाळेच्या सहलीपासून अजिंठ्याला तीनदा गेलोय, पण दर वेळी फर्दापूरच्या टी पॉइंटवरून बसनं थेट लेण्यांच्या दारात. दरी म्हणून ही जागा कधी पाहिलीच नव्हती.

फेब्रुवारीचा शेवट होता. अजिंठा गाव मागं टाकलं आणि घाट उतरायच्या आधीच व्ह्यू पॉइंटचा फाटा धरला. दोन्ही अंगाला वाळलेलं गवत, पानं गळालेली सालई, मधेच फुललेला पळस. माळ इतका सपाट की पुढं दरी असेल अशी शंकासुद्धा येत नाही. कठड्याशी गेलो आणि पायाखालची जमीनच संपली.

खाली वाघूर नदी घोड्याच्या नालेसारखी वळलीय. वळणाच्या बाहेरच्या अंगाला सुमारे ७६ मीटर उंचीचा काळा कडा, आणि त्यात ओळीनं ३० लेणी. २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला दहाव्या लेण्याची कमान दिसली ती समोरच्या ह्याच बाजूनं. त्यानं लेण्यातल्या खांबावर आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवलीय. त्याला 'शोध' म्हणणं मला पटत नाही. ह्या रानात त्याला वाट दाखवणारं कुणीतरी इथलंच असणार.

मामांनी वेगळंच दाखवलं. "आपल्या शेतातलं पाणी गोदावरीला जातं. हे पाणी मात्र तापीला." अजिंठ्याचा डोंगर म्हणजे दोन खोऱ्यांमधला बांधच. इथून वाघूर उत्तरेला खानदेशात उतरते. हे भूगोलात वाचलं होतं, पण त्या बांधावर उभं राहिल्यावर खरं कळलं.

उतरायला पायऱ्या आणि पायवाट आहे. उतरताना कड्याचे थर मोजता येतात. सहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेला हा लाव्हा. काही थर टणक, काही ठिसूळ, आणि ते कापत कापत नदीनं ही दरी केली. उंच कपारींना आग्या मोहोळं लटकलेली. म्हणून मामांनी सकाळी अत्तर लावू दिलं नव्हतं.

पात्रात पाणी जवळजवळ नव्हतंच. गोट्यांत एक फुटका दगड दिसला. पोकळीत पांढरे स्फटिक, कडेला हिरवट थर. मी तो बराच वेळ हातात धरून बसलो. चित्रांतला हिरवा रंग अशाच हिरव्या मातीचा, तांबडा-पिवळा गेरूचा, काळा काजळीचा. निळा तेवढा लांबून आलेल्या लाजवर्द नावाच्या निळ्या दगडाचा. भिंतींना लिंपलेला गिलावा मातीचा आणि भाताच्या तुसांचा. बाकी सगळं ह्या डोंगरानंच दिलेलं. दगड होता तिथं परत ठेवला.

तिथंच सावलीत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली.

पूल ओलांडून वर गेलो. चित्रांबद्दल आज लिहीत नाही, त्यांना वेगळा दिवस हवा. पण सोळाव्या लेण्याखाली थांबाच. आज सगळी लेणी जोडणारा रस्ता नंतरचा आहे. पूर्वी लेण्यांतून नदीकडं स्वतंत्र पायऱ्या उतरायच्या. सोळाव्याची ती वाट अजून शाबूत आहे. दोन्ही बाजूंना दगडी हत्ती, वर वळणावर नागराज बसलेला. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव ह्यानं हे लेणं कोरवलं. पाचव्या शतकातले भिक्खू घडे घेऊन ह्याच वाटेनं पाण्याला उतरत असतील.

सव्विसाव्यात महापरिनिर्वाणातल्या बुद्धासमोर मामा जोडे काढून उभे राहिले, बोलले नाहीत. तिथून पुढं दरीचं टोक: सप्तकुंड. पावसाळ्यात वाघूर इथं सात टप्प्यांनी कोसळते. आता तळाच्या डोहात थोडं हिरवं पाणी आणि काठावर वानरांची टोळी.

जाणार असाल तर सोमवार टाळा, लेणी बंद असतात. पाणी मात्र घरूनच घ्या, दोघांत चार लिटरला कमी नको.

परतीची चढण उन्हात जड गेली. वर पोचलो तेव्हा मामा कठड्याला टेकून म्हणाले, "आता ओळख बरं, सोळावं कोणतं?" खालच्या काळ्या दारांत मी हत्तींची वाट शोधत राहिलो. सापडली.