लढाई संपवायला निघालेला माणूस

'हेलो २' या व्हिडिओ गेमचा शेवट वाईट आहे असे म्हणणे म्हणजे त्या शेवटाला उगाच मोठेपणा देणे होय, कारण वाईट ठरण्यासाठीसुद्धा शेवट मुळात असावा लागतो. पृथ्वीवर परग्रहवासीयांचे आक्रमण चालू असते, शत्रूच्या धर्मगुरूच्या अवाढव्य जहाजात चोरून शिरलेला नायक मास्टर चीफ त्याच जहाजातून पृथ्वीपाशी येऊन पोहोचतो, त्या जहाजात तू काय करतो आहेस असे मानवी आरमाराचे प्रमुख लॉर्ड हूड त्याला विचारतात आणि ही लढाई संपवतो आहे, असे उत्तर तो नेहमीच्या थंड आवाजात देतो. संगीत टिपेला पोहोचते, खेळणारा कंट्रोलर सावरून बसतो आणि नेमकी तेव्हाच पडद्यावर श्रेयनामावली सरकू लागते.

हा गेम सुमार असता तर त्याच्या शेवटाची आठवण ठेवण्याचे कोणालाच कारण नव्हते. पहिला 'हेलो' २००१ मध्ये एक्सबॉक्स या मायक्रोसॉफ्टच्या गेम खेळण्याच्या यंत्राबरोबर आला आणि त्याने त्या नव्या यंत्राला ओळख मिळवून दिली. दुसरा ९ नोव्हेंबर २००४ रोजी आला आणि उत्तर अमेरिकेत पहिल्या चोवीस तासांत त्याने साडेबारा कोटी डॉलरची विक्री केली. एवढ्या अपेक्षेचे ओझे घेऊन आलेला सिक्वेल बहुधा आधीच्याच गोष्टी थोड्या वाढवून देतो. 'हेलो २' ने मात्र खेळण्याची रीतच मोकळी केली. दोन हातांत दोन बंदुका धरता येऊ लागल्या, आणि पहिल्या गेममध्ये केवळ शत्रूच्या हाती दिसणारी ऊर्जेची तलवार खेळणाऱ्याच्या हाती आली.

पण खरी बहार होती ती चालत्या वाहनावर झडप घालण्यात. जमिनीपासून वीतभर वर तरंगत अंगावर येणारे 'घोस्ट' जवळ येऊ द्यायचे, अगदी चिरडले जाण्याच्या बेतात असताना बटण दाबून धरायचे, की चीफ त्यावर उडी घेऊन चालकाला बाहेर फेकतो आणि त्याच दमात वाहन त्याच्याच सोबत्यांवर वळवता येते. रणगाड्याच्या बाबतीत तर वर चढून बसायचे, झाकण गुद्द्यांनी फोडायचे आणि आत बॉम्ब टाकून पळ काढायचा. न्यू मोंबासा शहरात 'स्कॅरब' नावाचे चार पायांचे यंत्र इमारतींच्या मधून वाट काढत चालत असते, आणि उंचावर योग्य जागा गाठून त्याच्या पाठीवर उडी मारल्याखेरीज ते आवरत नाही. त्या उडीपूर्वीचा क्षणभराचा संकोच आणि पाय टेकल्यावरचा हर्ष, या दोन गोष्टींसाठी तेवढीच लेव्हल पुन्हा खेळणारे लोक असतात, आणि मी त्यांतलाच आहे.

आर्बिटरविषयीही दोन शब्द लिहायला हवेत. निम्मी कथा शत्रुपक्षातल्या एका बदनाम सेनानीच्या डोळ्यांनी दाखवणे अनेकांना रुचले नाही. चीफ सोडून हा कोण, अशी तक्रार तेव्हा बरीच झाली. माझ्या मते या गेममधली सर्वांत धीट गोष्ट तीच होती. ज्या धर्मासाठी लढलो त्याचा पायाच खोटा आहे हे आर्बिटरला टप्प्याटप्प्याने उमगते, आणि त्याच्या कथेला आरंभ, मध्य आणि शेवट हे तिन्ही नीट मिळतात. रखडते ती नायकाची कथा.

कादंबरीचा शेवट वाचायचा असतो, नाटकाचा पाहायचा असतो. गेमचा शेवट हातून घडावा लागतो. पहिल्या 'हेलो'च्या अखेरीस घड्याळ उलटे मोजत असते, जहाजाचा स्फोट होऊ घातलेला असतो आणि त्याच्या पोटातून जीपसारखी गाडी भरधाव पळवत बाहेर पडायचे असते. गाडी उलटते, सरळ होते, पुन्हा आपटते, आणि सुटलो तर ते आपल्याच बोटांमुळे सुटलो, याविषयी शंका राहत नाही. 'हेलो २' मधली अखेरची झुंज टार्टारस या हातोडाधारी सरदाराशी आहे. त्याच्याभोवतीचे कवच आपल्याच्याने उतरत नाही. ते सार्जंट जॉन्सन या सोबतच्या मानवी सैनिकाने दुरून नेम धरून उतरवायचे, मग आपण धावत जाऊन घाव घालायचे, कवच परतले की मागे सरायचे आणि जॉन्सनच्या पुढच्या नेमाची वाट पाहायची. इतका वेळ मनासारखे बागडू देणाऱ्या गेमने अखेरच्या लढाईत आपल्याला मदतनीस करून ठेवले. त्यानंतर चीफ पृथ्वीपाशी येतो तोही कटसीनमध्ये, म्हणजे नुसत्या पाहायच्या चित्रफितीत, आपले हात रिकामे असताना.

यामागचे कारण वेळेची ओढाताण होती, हे गेम बनवणाऱ्या बंजी या स्टुडिओतल्या लोकांनी पुढे मोकळेपणाने सांगितले. २००३ च्या ई-थ्री या गेमच्या प्रदर्शनात वाहवा मिळवलेला शहरातला भाग त्यांना टाकून द्यावा लागला, बरेचसे काम नव्याने उभे करावे लागले, आणि पृथ्वीवर परतून कथा पुरी करणारा भाग अखेर कापला गेला. जाहिराती मात्र पृथ्वीवरच्या महायुद्धाच्या होत्या. गेममध्ये पहिल्या काही मिशननंतर पृथ्वी जी मागे पडते ती थेट त्या अखेरच्या दृश्यातच परत दिसते.

'मास इफेक्ट ३' या दुसऱ्या एका गेमच्या शेवटावर २०१२ मध्ये खेळाडू संतापले तेव्हा त्यांना मिळालेले उत्तर पटले नव्हते, आणि त्याच वर्षी जूनमध्ये विस्तारित शेवट फुकट देऊन त्यांची थोडीफार समजूत काढण्यात आली. येथे उत्तरच पुढे ढकलले गेले होते. 'हेलो ३' आला तो २५ सप्टेंबर २००७ रोजी, आणि लढाई संपवण्याचे तेच वाक्य तेव्हा त्याच्या जाहिरातीचे घोषवाक्य झाले! मधल्या काळात मल्टिप्लेअरने, म्हणजे इतरांशी ऑनलाइन खेळण्याच्या सोयीने, लोकांना असे काही बांधून ठेवले, की एप्रिल २०१० मध्ये जुन्या एक्सबॉक्सची ऑनलाइन सेवा बंद झाल्यावरही काही हट्टी खेळाडूंनी यंत्र बंदच न करता मे महिन्यापर्यंत खेळ चालू ठेवला.

आज तिन्ही गेम एकाच संग्रहात मिळतात, त्यामुळे तीन वर्षांची ती फरफट नव्या खेळाडूच्या वाट्याला येत नाही. श्रेयनामावली संपली की तो सरळ पुढचा गेम सुरू करतो. टार्टारसची झुंज मात्र होती तशीच रटाळ आहे. २०१४ मध्ये 'हेलो २' नव्या रूपात आला तेव्हा सगळे कटसीन नव्याने, देखणे करण्यात आले आणि अखेरीस आर्बिटरचे एक नवे दृश्यही जोडण्यात आले. या गेमला दहा वर्षांनी का होईना शेवट मिळाला असे वाटून मी ते उत्सुकतेने पाहिले, तर ते दृश्य पुढच्या वर्षी येणाऱ्या 'हेलो ५' ची नांदी निघाले.